प्रवेश परीक्षांचे भाकीत आणि वंचितांचा वाव

राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा निकाल लागतो तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे सात दशांश स्थळांपर्यंतचा पर्सेंटाइल लिहिलेला असतो. नावाजलेल्या महाविद्यालयात संगणक शाखेची शेवटची जागा कोणी घ्यायची आणि कोणी मागे फिरून दुसरी शाखा पत्करायची, याचा निवाडा कित्येकदा दुसऱ्या वा तिसऱ्या दशांश स्थळावर होतो. सोनाराच्या काट्यालाही न साधणारी ही सूक्ष्मता पाहून सामान्य पालकाचा असा समज होतो की, मुलाची लायकी अखेर निर्विवादपणे मोजली गेली. वस्तुतः त्याच विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या सत्रात, त्याच अभ्यासक्रमावरचे वेगळे प्रश्न घातले असते, तर पहिले दशांश स्थळच काय, पूर्णांकही हलला असता. सातव्या स्थळापर्यंतचा आकडा हा बरोबरीत आलेल्यांचा क्रम लावण्याची प्रशासकीय सोय आहे. त्याला ज्ञानाचे माप समजणे ही मोजमापाच्या शास्त्राची थट्टा ठरेल.

प्रवेश परीक्षांविषयीच्या वादात दोन प्रश्न नेहमी एकमेकांत गुंतलेले दिसतात. परीक्षेत वर आलेला विद्यार्थी पुढे विद्यापीठातही यशस्वी होतो काय, हा पहिला प्रश्न भाकिताचा आहे. ज्यांच्या घराण्यात विद्यापीठाची पायरी कोणी चढलेले नाही, अशांना ही परीक्षा आत घेते की बाहेर ठेवते, हा दुसरा प्रश्न वाव मिळण्याचा आहे. परीक्षेचे समर्थक पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा सुटला असे मानतात, तर विरोधक दुसऱ्याचे उत्तर देऊन पहिला निरर्थक ठरवू पाहतात. परंतु एखादी परीक्षा भाकीत बरे करीत असूनही वाव आकुंचित करू शकते आणि भाकितात कच्ची असूनही एखाद्या गावाला पहिला डॉक्टर मिळवून देऊ शकते.

मॅट्रिकपासून नीटपर्यंत

प्रवेश परीक्षा ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने १८५९ मध्ये मॅट्रिक्युलेशनची पहिली परीक्षा घेतली. तिचा हेतू शाळा संपल्याचा दाखला देण्याचा नव्हता. विद्यापीठात पाऊल ठेवण्याची पात्रता तपासणे, एवढेच तिचे काम होते. नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे जन्मलेले महादेव गोविंद रानडे त्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झाले आणि १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत त्यांचे व भांडारकरांचे नाव आले. पुढे त्याच रानड्यांना विद्यापीठात मराठीला स्थान मिळावे म्हणून आयुष्याच्या उत्तरार्धात खटपट करावी लागली. उंबरठ्यावर कोणती भाषा विचारली जाते यावर आत कोण येणार हे ठरते, याची जाण त्यांना असणार.

मॅट्रिकचे नंतर काय झाले हे लक्षात घेण्याजोगे आहे. विद्यापीठात जाण्याची ती पायरी पाहता पाहता सरकारी कचेरीत कारकून होण्याची पायरी बनली. विद्यापीठाचे तोंडही न पाहणारी हजारो मुले ती परीक्षा देऊ लागली आणि 'मॅट्रिक पास', 'मॅट्रिक नापास' ही माणसाची ओळख होऊन बसली. एका कामासाठी घडवलेली परीक्षा तेवढ्याच कामापुरती कधी राहत नाही. समाजाला माणसे छाटण्याचे एक स्वस्त साधन सापडले की तो ते वाटेल तेथे वापरू लागतो. १९७३ साली मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने शिक्षणाचा 'संकेत' म्हणून होणारा उपयोग सिद्धान्तरूपाने मांडला, पण मुंबई इलाख्यातील कारकुनाला तो पाऊणशे वर्षे आधीच पाठ होता.

दहा अधिक दोनचा आकृतिबंध आल्यावर १९७५ मध्ये दहावीची आणि १९७७ मध्ये बारावीची पहिली परीक्षा झाली. पुढची सुमारे वीस वर्षे वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेश बारावीच्या गुणांवरच होत. १९८३ मध्ये विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळून जागा वाढल्या, तरी चढाओढ कमी झाली नाही. निरनिराळ्या मंडळांचे गुण एका मापाने कसे मोजावयाचे, काही केंद्रांवरील कॉप्यांचे काय, प्रात्यक्षिकाचे गुण खिरापतीसारखे वाटले जातात त्याचे काय, असे प्रश्न वर्षानुवर्षे साचत गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस सामायिक प्रवेश परीक्षा आली ती या तक्रारींच्या पोटी. तिच्यामागील हेतू रास्त होता, हे मान्य केले पाहिजे.

त्यानंतरचा इतिहास मात्र येरझारांचा आहे. २०१४ आणि २०१५ मध्ये राज्याने अभियांत्रिकीसाठी आपली परीक्षा सोडून केंद्राची जेईई स्वीकारली व २०१६ मध्ये पुन्हा आपलीच परीक्षा आणली. वैद्यकीय शाखेची नीट २०१३ मध्ये प्रथम झाली. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, एप्रिल २०१६ मध्ये आपलाच निर्णय मागे घेतला आणि २०१७ पासून महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेश नीटवर गेले. २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाल्यावर अकरावीसाठी सामायिक परीक्षा घेण्याची टूम निघाली. ती राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर बेतलेली असल्याने अन्य मंडळांच्या मुलांवर अन्याय होतो, हा मुद्दा उच्च न्यायालयात गेला व ऑगस्टमध्ये न्यायालयाने ती परीक्षाच रद्दबातल केली. या सर्व उलाढालीत अधिकार कोणाचा, अभ्यासक्रम कोणता, वेळापत्रक कसे, यांवर पुष्कळ शाई खर्ची पडली. या परीक्षेत निवडलेली मुले पुढे कशी निघाली, हा प्रश्न वादाच्या मध्यभागी क्वचितच आला.

मल्ल आणि वजन

हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. समजा, एका वैद्यकीय महाविद्यालयातील दीडशे विद्यार्थ्यांचे प्रवेशाचे गुण आणि पहिल्या वर्षाचे गुण समोरासमोर मांडले, तर त्यांचा सहसंबंध बहुधा क्षीण निघेल. तेवढ्यावरून प्रवेश परीक्षा निरुपयोगी असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत, पण तो चूक आहे. कुस्तीत एकाच वजनगटातील मल्ल घेतले तर त्यांच्या वजनावरून विजेता सांगता येत नाही. म्हणून कुस्तीत वजनाला महत्त्व नाही असे कोणी म्हणत नाही. वजनानेच तर त्यांना एका गटात आणून बसवलेले असते. त्याचप्रमाणे लाखो परीक्षार्थींतून निवडलेले दीडशे जण गुणांच्या दृष्टीने आधीच सारखे झालेले असतात. जे आत आलेच नाहीत ते कसे निघाले असते, हे त्या दीडशेंच्या आकड्यांत कोठेच नसते.

निवडीत दोन प्रकारच्या चुका होतात. आत घेतलेला विद्यार्थी टिकला नाही, ही पहिली चूक. तिची नोंद राहते, नापासांच्या यादीत ती दिसते आणि तिच्यावर अग्रलेखही लिहिले जातात. बाहेर ठेवलेला विद्यार्थी आत आला असता तर उत्तम निघाला असता, ही दुसरी चूक. ती कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. पेठ वा सुरगाण्याच्या आश्रमशाळेतून आलेली एखादी मुलगी तीन गुणांनी राहिली आणि पुढच्या हंगामात घरच्यांबरोबर द्राक्षबागेत कामाला गेली, तर तिच्यापायी समाजाने काय गमावले याचा हिशेब कोण मांडणार? जी चूक दिसते तीच टाळण्याकडे प्रशासनाचा कल असणार, हे ओघानेच आले. कटऑफ वर नेला की पहिली चूक घटते व दुसरी वाढते. पण दुसरीबद्दल जाब विचारणारे कोणी नसते.

यश म्हणजे काय, यावरही एकमत नाही. अमेरिकेतील बहुतेक अभ्यासांत पहिल्या वर्षाच्या गुणांनाच यश मानण्याचा प्रघात पडला, कारण ते आकडे चटकन हाती येतात. पण पहिल्या वर्षाचे गुण, ठरल्या मुदतीत पदवी आणि पदवीनंतरचे काम या तीन निराळ्या गोष्टी आहेत. सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयात पाच वर्षे टिकून राहणारा डॉक्टर आणि शरीररचनाशास्त्रात पहिला येणारा विद्यार्थी या दोन व्यक्ती वेगळ्याही असू शकतात. परीक्षेने कशाचे भाकीत करावे हे आधी न ठरवता ती भाकीत करते की नाही यावर वाद घालणे व्यर्थ होय.

अमेरिकेचा अनुभव आपल्याकडे सोयीपुरता उद्धृत केला जातो, म्हणून तो थोडा विस्ताराने पाहणे बरे. तेथील सॅट परीक्षा १९२६ साली सुरू झाली. १९३० च्या दशकात हार्वर्डचे अध्यक्ष कॉनंट यांनी पूर्वेकडील श्रीमंत शाळांबाहेरची, मध्य-पश्चिमेकडील हुशार मुले शिष्यवृत्तीसाठी हुडकावयास ती वापरली. म्हणजे आरंभी तिचे एक काम दार उघडण्याचे होते. पुढे तीच परीक्षा श्रीमंतांना अनुकूल असल्याचा आरोप होऊ लागला. बेट्स या लहानशा महाविद्यालयाने १९८४ मध्ये तिची सक्ती काढली. गुण सादर न करता आलेल्यांत आणि सादर करून आलेल्यांत पदवी मिळवण्याच्या प्रमाणात फरक नगण्य असल्याचे त्यांना वीस वर्षांच्या अनुभवातून आढळले. उलट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अध्यापकांच्या समितीने २०२० च्या आरंभी असा अहवाल दिला की, त्यांच्या विद्यापीठात परीक्षेचे गुण हे शालेय गुणांइतकेच, किंबहुना अधिक चांगले भाकीत करतात आणि वंचित गटांच्या बाबतीतही करतात. तरीही त्याच वर्षी मे महिन्यात विद्यापीठाच्या नियामकांनी ती परीक्षा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा ठराव केला. एमआयटीने मात्र स्थगित केलेली सक्ती २०२२ मध्ये पुन्हा लागू केली.

यातून आपल्याकडच्या कोणत्याही पक्षाला तयार उत्तर मिळत नाही, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेत परीक्षेच्या गुणांबरोबर शाळेतील चार वर्षांची कामगिरी, शाळा कोणत्या वस्तीतील, घरची परिस्थिती काय, हे सारे पाहून निवड होते. परीक्षा हा पुराव्याचा एक तुकडा असतो. आपल्याकडे परीक्षा हाच संपूर्ण पुरावा आहे. अभियांत्रिकीला बारावीचे पंचेचाळीस टक्के, राखीव प्रवर्गाला चाळीस टक्के मिळाले की बारावीचे काम संपते. दोन वर्षांच्या शिक्षणाचे मूल्य केवळ उंबरठा ओलांडण्यापुरते उरते.

दुसऱ्या वर्षाची किंमत

त्याचे परिणाम नाशिककरांना सांगण्याची गरज नाही. कॉलेज रोड आणि गंगापूर रोड परिसरातील शिकवणी वर्गांच्या पाट्या वाचत गेले तरी पुरे. विद्यार्थ्याचे नाव कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर आणि देह शिकवणी वर्गात, ही व्यवस्था इतकी रूढ झाली की २०१८ मध्ये राज्य शासनाला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करावी लागली. अंगठा उमटवून घेतल्याने वर्ग भरत नाहीत, हा भाग निराळा. विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो शहाणपणाचाच हिशेब करीत असतो. ज्या गोष्टीला भाव आहे ती तो विकत घेतो. बारावीच्या गुणांचा भाव शासनानेच शून्यावर आणला.

म्हणून बारावीच्या गुणांकडे परत जावे काय? जुन्या दिवसांची आठवण गोड असली तरी तेव्हाचे चित्र निष्कलंक नव्हते. 'लातूर पॅटर्न' हा शब्द मराठीत रूढ झाला तो बारावीच्या गुणवत्ता यादीच्या काळातच. नेमके मापन म्हणून जे जे धरावे त्याची तयारी करून घेणारा बाजार उभा राहतो, हा नियम बारावीलाही लागू होता. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंदर्भात दाखवून दिले की, एखादे मोजमाप नियंत्रणाचे साधन झाले की त्याचा मूळ गुण ढळतो. लातूरच्या प्राध्यापकांनी त्यात दोष पाहिला नाही, संधी पाहिली. आणि मागास म्हणून हिणवल्या गेलेल्या मराठवाड्यातील असंख्य सामान्य घरांतील मुले तिच्या बळावर डॉक्टर झाली, हेही खरे. बाजार सर्वस्वी श्रीमंतांचाच असतो असे नाही. परंतु परीक्षा जितकी दूरची व गुंतागुंतीची होत जाते, तितका त्या बाजारात शिरण्याचा दर वाढत जातो.

हा दर केवळ शुल्काचा नाही. त्यातील सर्वांत महाग वस्तू म्हणजे वर्ष. तमिळनाडू सरकारने २०२१ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने या बाबतीत जे आकडे प्रसिद्ध केले ते अस्वस्थ करणारे आहेत. नीटपूर्वी राज्यातील वैद्यकीय प्रवेशांत तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्यांचा वाटा चौदा-पंधरा टक्के होता, तो नंतर दोन-तीन टक्क्यांच्या घरात आला. दुसऱ्यांदा वा तिसऱ्यांदा परीक्षा देऊन प्रवेश मिळवणाऱ्यांचे प्रमाण २०१६-१७ मधील सुमारे १२ टक्क्यांवरून २०२०-२१ मध्ये ७१ टक्क्यांवर गेले. ही समिती नीटविरोधी भूमिकेच्या सरकारने नेमली होती, हे ध्यानात ठेवूनही हे आकडे बाजूला सारता येत नाहीत. तमिळनाडूत त्याआधी दहा वर्षे प्रवेश परीक्षाच नव्हती आणि महाराष्ट्रात होती, म्हणून आपल्याकडील बदल तितका तीव्र नसेल, एवढाच काय तो युक्तिवाद करता येईल.

पुन्हा परीक्षा देणारा विद्यार्थी दुसऱ्या वर्षी अधिक हुशार झालेला नसतो. त्याने एक वर्ष अधिक विकत घेतलेले असते. नोकरदाराच्या घरी हे वर्ष परवडते. पेठ तालुक्यातील दोन एकर वरकस जमिनीवर भात-नागली पिकवणाऱ्या घरी अठरा वर्षांच्या मुलाचे एक वर्ष म्हणजे त्याची मजुरी, धाकट्या बहिणीचे शिक्षण आणि कधी कधी वडिलांचे कर्जही. अर्थशास्त्रात ज्याला वैकल्पिक परिव्यय म्हणतात तो गरिबाला श्रीमंताहून कितीतरी जड असतो. म्हणून दोन संधी सर्वांना सारख्याच खुल्या आहेत, हे विधान कागदावर खरे असले तरी व्यवहारात नाही. त्यात भाषेची अडचण वेगळी. नीटची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, हे स्वागतार्ह आहे. पण घरी कोकणा वा वारली बोलणारे मूल आश्रमशाळेत मराठीतून आणि अकरावीपासून विज्ञान बहुतांशी इंग्रजीतून शिकते. ज्या विषयाचे शब्द इंग्रजीत शिकवले त्यावरील मराठी प्रश्नपत्रिकेचा त्याला उपयोग किती?

कोणाची तुलना कोणाशी

तरीही प्रवेश परीक्षा ही वंचितांच्या शत्रुपक्षातच असते, असे म्हणणे सोपे असले तरी चूक आहे. दिंडोरी तालुक्यातील खेडगावचे जवाहर नवोदय विद्यालय पाहावे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून निघालेल्या या शाळांत सहावीचा प्रवेश परीक्षेनेच होतो. पण त्या परीक्षेत नाशिक जिल्ह्यातील मुलाची तुलना जिल्ह्यातील मुलांशीच होते, किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागासाठी राखलेल्या असतात आणि निवड झालेल्या मुलाचा राहण्या-जेवण्याचा व शिकण्याचा भार शासन उचलते. परीक्षेत बौद्धिक क्षमता, अंकगणित आणि भाषा एवढेच असते. नाशिक जिल्हा परिषदेने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'सुपर ५०' उपक्रमातही अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांची चाळणी परीक्षा घेऊन त्यांना जेईई, सीईटीसाठी विनामूल्य निवासी शिकवणी दिली जाते. येथेही परीक्षाच आहे, फक्त ती ज्यांना शोधावयाचे त्यांच्यात घेतली जाते.

म्हणजे परीक्षा घ्यावी की नाही यापेक्षा ती कोणत्या समूहात घ्यावी आणि तिच्यानंतर काय द्यावे, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात. टेक्सस राज्याने १९९७ मध्ये कायदा करून प्रत्येक शाळेतील पहिल्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांचे दार उघडले; तेथे तुलना शाळेपुरती ठेवली. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशासाठी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी सत्तर-तीस टक्क्यांची प्रादेशिक विभागणी होती, तीही याच विचारावर आधारलेली. पण मराठवाड्यात महाविद्यालयेच कमी असल्याने या नियमाने तेथील मुलांचे नुकसान होते अशी ओरड झाली आणि सप्टेंबर २०२० मध्ये ती विभागणी रद्द करण्यात आली. प्रदेश हे वंचिततेचे फार ढोबळ माप आहे, हा त्यातला धडा. उर्वरित महाराष्ट्रात पुण्याचे सदाशिव पेठही येते आणि नाशिक जिल्ह्याचा पेठ तालुकाही.

नाशिकला या प्रश्नात एक वेगळे स्थान आहे आणि त्याचा उपयोग अद्याप व्हावा तसा झालेला नाही. गंगापूर धरणाजवळ गोवर्धन येथे १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले यांनी ज्या विचाराने ते घडवले त्यात प्रवेशाची अट शक्य तितकी सैल ठेवणे हे मध्यवर्ती सूत्र होते. शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम होता. भाषा, गणित व सामान्य विषयांची उजळणी करून तो पार पाडणाऱ्यास कला वा वाणिज्य पदवीचा मार्ग मोकळा होई. याला कायद्याचा आधारही होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९८५ च्या नियमांत अशी तरतूद होती की, बारा वर्षांचे शालेय शिक्षण नसलेल्या व्यक्तीला वयाची २१ वर्षे पूर्ण असल्यास विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेच्या आधारे दूरशिक्षणाच्या पदवीला बसता येईल. येथे परीक्षा हरवलेल्या दाखल्याच्या जागी उभी राहते. सीईटी वा नीट दाखल्यावर आणखी एक दाखला मागतात. एकाच नावाच्या या दोन वस्तू परस्परविरुद्ध कामे करतात.

मुक्त प्रवेशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दार उघडे असणे आणि पदवी हाती येणे यांत मोठे अंतर आहे. दिवसभर कारखान्यात किंवा शेतात राबून रात्री पुस्तक उघडणाऱ्यांपैकी अनेक जण वाटेतच गळतात, आणि गळतीचा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारून व्यवस्था मोकळी होते. पण जे टिकले ते निवडीतल्या त्या दुसऱ्या, न दिसणाऱ्या चुकीचा जिवंत पुरावा होत. रूढ नियमाने ज्यांना आत घेतलेच नसते, त्यांच्यातील किती जण पदवीपर्यंत गेले, किती वर्षांत गेले, पूर्वतयारीतील कोणत्या विषयाच्या गुणांवरून ते आधी ओळखता आले असते, या प्रश्नांची उत्तरे गोवर्धनच्या दप्तरांतून काढता येण्यासारखी आहेत.

आणि चाळणीच्या दुसऱ्या टोकाचा पुरावाही याच शहरात आहे. म्हसरूळ येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. अभिमत विद्यापीठे वगळता राज्यभरातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी व परिचर्या महाविद्यालयांच्या विद्यापीठीय परीक्षा तेथून होतात. बारावीच्या गुणांवर, राज्याच्या सीईटीवर आणि नीटवर आलेल्या, म्हणजे तीन निरनिराळ्या चाळण्यांतून उतरलेल्या विद्यार्थ्यांचे निकाल त्यामुळे एका छताखाली येतात. एवढा मोठा नैसर्गिक प्रयोग कोणत्याही संशोधकाला हेवा वाटावा असा आहे. प्रवेशाचे गुण, दहावीचे माध्यम, शाळा सरकारी की खाजगी, कितव्या प्रयत्नात प्रवेश, पालकांचे शिक्षण, एवढ्या बाबी एमबीबीएसच्या प्रत्येक टप्प्याच्या निकालाशी जोडल्या तर काय दिसेल? पहिल्या वर्षी मराठी माध्यमाच्या व आश्रमशाळेच्या मुलांत आणि इतरांत असलेले अंतर शेवटच्या वर्षापर्यंत मिटत असेल, तर कटऑफच्या खालच्या पट्ट्यातून निवड करताना शाळेचा विचार करण्यास भक्कम आधार मिळेल. तमिळनाडूने सरकारी शाळांतील मुलांसाठी २०२० मध्ये साडेसात टक्के जागा राखल्या, तसे काही येथे करावे की नाही, हे मग अंदाजावर ठरवावे लागणार नाही. अंतर मिटत नसेल, तर दोष निवडीचा नसून आतल्या शिकवण्याचा आहे, असेही निघू शकेल. आणि पहिल्या प्रयत्नात कमी गुणांनी आलेला व तिसऱ्या प्रयत्नात अधिक गुणांनी आलेला यांच्यात पहिलाच सरस निघाला, तर गुणवत्तेच्या रूढ कल्पनेला मोठाच हादरा बसेल.

या कामाला फार खर्च नाही. विद्यार्थ्यांची नावे काढून टाकून, केवळ सांकेतिक क्रमांक ठेवून आकडे संशोधकांसाठी खुले करता येतात. मुंबईतील प्रवेश परीक्षा कक्ष, नाशिकची दोन विद्यापीठे आणि आदिवासी विकास आयुक्तालय एवढ्यांच्या नोंदी जुळवावयाच्या आहेत. आयुक्तालयही नाशिकमध्येच आहे. अडचण असेल तर ती एवढीच की, प्रत्येक कार्यालय आपल्या टप्प्यापुरते पाहते. प्रवेश देणाऱ्याचे काम प्रवेशाच्या शेवटच्या फेरीला संपते आणि परीक्षा घेणाऱ्याचे काम निकालाच्या दिवशी.

दरम्यान आत आलेल्यांसाठी काही करावयाचे तर त्यासही जागा आहे. वैद्यकीय अभ्यासक्रमात २०१९ मध्ये आरंभीचा एक महिना पायाभूत शिक्षणासाठी ठेवण्यात आला. भाषा, संगणक, अभ्यासाची रीत या गोष्टी त्यात येतात. ज्याला इंग्रजीतील शरीररचनेचे पहिले पान वाचतानाच ठेच लागते त्याला एक महिना अपुरा आहे आणि ज्याला लागत नाही त्याला तो अनावश्यक. मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारीत जी समज होती, म्हणजे कोणाला किती काळ लागेल हे त्याच्या गरजेवरून ठरावे, ती येथे आणता येईल. प्रवेश परीक्षेच्या विषयवार गुणांवरूनच कोणाला कशाची मदत हवी हे पहिल्या दिवशी कळू शकते. त्यासाठी पर्सेंटाइलचा तो एकच एक आकडा बाजूला ठेवून भौतिक, रसायन व जीवशास्त्राचे सुटे गुण महाविद्यालयाच्या अध्यापकांच्या हाती द्यावे लागतील, आणि मदतीचे वर्ग नियमित वेळापत्रकात, नियमित अध्यापकांकडून घ्यावे लागतील. संध्याकाळी उरलेल्या वेळात, तासिका तत्त्वावर नेमलेल्या माणसाकडून घेतलेल्या वर्गांची हजेरी कशी असते, हे कोणत्याही महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून पाहावे.